क्लबच्या मागच्या बोळातले कडीमामा

माझे स्वयंपाकघर आणि क्लबची मागची भिंत यांच्यामध्ये एक बोळ आहे. क्लबच्या पुढच्या दारावर जे दरवान उभे असत, त्यांना सगळी गल्ली कडीमामा म्हणे. कडी काढायची, आलेल्याला नमस्कार करायचा, कडी लावायची, यात त्यांचे अर्धे आयुष्य गेले. माझ्या यजमानांचे ते मित्र, म्हणून मला वहिनी म्हणत.

क्लब पक्षाचा. आत पैसे गिळणारी मशिने ओळीने मांडलेली. हाच पक्ष विरोधात असताना जुगाराला कष्टकऱ्यांच्या घराला लागलेली कीड म्हणायचा. सत्तेत आल्यावर त्याचा महसूल झाला. समोरच्या पक्षाचे नेमके उलटे. क्लब तेव्हाही यांचाच होता, पण भाषणात मध्येच कोण विचारणार? दोघांवर माझा सारखाच विश्वास, म्हणजे नाहीच.

मामांचा मात्र या पक्षावर होता. कारखाना बंद पडला तेव्हा पक्षानेच त्यांना या दारावर उभे केले होते. घोर एकाच गोष्टीचा होता: जावई. छापखान्यात कामाला, हाताला कसब, पण पगार झाला की पाय घराकडे न वळता क्लबकडे वळत. दार उघडायला सासरा!

निवडणुकीच्या तोंडावर पक्षाने ‘कुटुंब कवच’ काढले. घरच्यांनी आपल्या माणसाचा फोटो क्लबला द्यायचा, क्लब त्याला दारातच अडवणार.

“कुंपणच शेत खातंय, आणि राखणदार नेमतायत?” मी म्हटले.

“वहिनी, तुम्हाला साखरेतही खडाच दिसतो.”

पहिला फोटो त्यांच्या लेकीनेच आणला. लग्नातला होता, तिने स्वतःला कात्रीने कापून टाकले होते, पण नवऱ्याच्या बाहीवर तिची बोटे राहिली होती. मामांनी तो दाराच्या आतल्या बाजूला टाचला. मग आणखी फोटो आले. “दारावर कशाला लावता?” मॅनेजर ओरडला. मामांना वाटले, त्याला पॉलिशची काळजी. त्यांनी टाचण्या काढल्या आणि चिकटपट्टीने फोटो पुन्हा लावले.

पगाराच्या दिवशी जावई आला.

“मामा, बाजूला व्हा. लोक बघतायत.”

“बघू देत. हा फोटो तुमचाच ना?”

“आपण घरी बोलू.”

“घरी तुम्ही येता कुठे, जावईबापू?”

तो गेला. त्या महिन्यात लेकीच्या हातात पगार पडला.

योजनेच्या रीतसर उद्घाटनाला पक्षाचे पुढारी, साहेब, आले. मागोमाग त्यांचे मेव्हणे, पक्षाचे खजिनदार. मामांनी साहेबांना आत सोडले आणि मेव्हण्यांपुढे हात आडवा केला.

“अरे, ओळखलं नाहीस मला?”

“ओळखलं म्हणूनच. तुमच्या घरून ताईसाहेबांनीच फोटो पाठवलाय.”

कॅमेरेवाले हसले. साहेबही हसले, मामांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “हाच आमचा प्रामाणिकपणा!” दुसऱ्या दिवशी ते छायाचित्र क्लबच्या पुढच्या दाराशी पोस्टर होऊन लागले आणि वर्तमानपत्रातही आले. मामा मला दाखवायला घेऊन आले, चेहरा नुसता फुललेला. मी चष्मा लावून पाहिले. साहेबांचे तोंड हसत होते, पण बोटे मामांच्या खांद्यात रुतली होती. मी वर्तमानपत्राची घडी घालून त्यांना परत दिले.

आठवडाभरात बोळात गवंडी आला.

“कसलं काम, बाबा?”

“हवेसाठी खिडकी, आजी.”

“खिडकीला पायरी कशाला रे?”

तो थापी चालवत राहिला.

मी मामांना सांगितले. “माल उतरवायला असेल,” ते म्हणाले. पुढच्या पगाराच्या संध्याकाळी त्यांना चहाला बोलावले आणि माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी बसवले. समोर गवंड्याच्या खिडकीचे दार झाले होते. पायरी चढून आधी खजिनदार आत गेले. थोड्या वेळाने जावई आला, दोन्ही बाजूंना पाहिले आणि तोही गेला. ते दार उघडायला कोणी लागत नव्हते. ढकलले की उघडे. मामांनी भरला कप तसाच खाली ठेवला.

सकाळी त्यांनी पुढच्या दारातले स्टूल उचलून बोळातल्या पायरीसमोर आणून मांडले. मॅनेजर धावत आला.

“मामा, तुमची जागा पुढे!”

“पुढे माझं पोस्टर लावलंय की. त्यालाच पगार द्या.”

नोकरी गेली. स्टूल क्लबचे होते, तेही गेले. मी माझे दिले. फोटो आता बोळाकडच्या माझ्या भिंतीवर आहेत. बोळ सगळ्यांचा, त्यामुळे मामांना तिथून उठवता येत नाही. मामांच्या घराचा खर्च आता मामी शिवणकाम करून भागवतात, आणि मामांना दोन शब्द ऐकवतात तेही रास्तच.

समोरच्या पक्षाचे लोकही येऊन गेले. त्यांना व्यासपीठावर मामा हवे होते. “तुमच्या क्लबला मागचं दार आहे का हो?” मामांनी विचारले. मंडळी चहा न घेताच उठली.

काल पगार झाला. जावई बोळात शिरला, सासऱ्याला पाहिले, क्षणभर थांबला आणि आल्या पावली परतला. मामा खिडकीशी आले.

“वहिनी, घरीच गेला ना तो?”

खोटे सांगणे सोपे होते. पण माझ्या खिडकीतून बोळाच्या वळणापर्यंतच दिसते, आणि मी तेवढेच सांगितले. ते मान हलवून पुन्हा स्टुलावर जाऊन बसले.