धोंडामावशीचं शेत आणि आम्ही लिहिणारे

आमचा अंक वर्षातून एकदा निघतो, तोही निघाला तर. किस्से मात्र दर बैठकीला निघतात आणि त्यांना कधी कागद कमी पडत नाही!

नगरकडच्या अकोले तालुक्याच्या डोंगरातली आम्ही महादेव कोळी आणि ठाकर मंडळी जमीन, जंगल, देव यांच्यावर लिहितो. नियम एकच. ज्या पाड्याबद्दल लिहिलं, त्या पाड्याला ते आधी वाचून दाखवायचं. पाड्याने मान डोलावली तरच छपाई.

*

किसन मास्तरांनी कडूकंदावर झकास लेख लिहिला. कंद कसा चिरायचा, वाहत्या पाण्यात ठेवून कडूपणा कसा घालवायचा, सगळं आलं होतं. पाड्यातल्या बायका खूश होऊन ऐकत होत्या. कंद कुठल्या डोंगराच्या कुठल्या अंगाला सापडतो ते आलं आणि चुळबुळ सुरू झाली.

एकीने शांतपणे सांगितलं, "मास्तर, जागंचं नाव खोडा. वाचनारे लई हुशार असत्यात, पिशव्या घिऊन येत्याल."

लेख छापला, डोंगर गाळून. मास्तर अजून म्हणतात, तोच आपला सर्वांत चांगला लेख.

*

नगरच्या एका संमेलनात मास्तर शर्ट-पँटमध्ये गेले. संयोजक हिरमुसले. तुम्ही पारंपरिक वेशात याल असं वाटलं होतं, म्हणाले. मास्तरांनी त्यांच्या जीन्सकडे प्रेमाने पाहिलं.

"मलाबी तुमच्याबद्दल तसंच वाटलं हुतं."

*

धोंडामावशी आमच्यातली सर्वांत मोठी लेखिका. ती सांगते, मी उतरवून घेतो. ती कसते त्या शेताचा वनहक्काचा दावा एकदा फेटाळला गेला होता. पिढ्यान्‌पिढ्या कसल्याचा पुरावा नाही म्हणे! अपील केलं होतं. तेही फेटाळलं गेलं असतं तर शेतच गेलं असतं. त्याबद्दल ती सांगत होती आणि मी जोशात येऊन मधे एक ओळ घुसडली, 'ही भूमी आमची आई आहे.'

वाचून दाखवल्यावर मावशी म्हणाली, "आई काढ. आईच्या लोक पाया पडत्यात आन जात्यात निघून. शेत म्हन. मी पेरते तितं."

मी आई काढली. असा संपादक मिळायला नशीब लागतं.

*

अपिलाच्या वेळी साहेब स्वतः शेत पाहायला आले. मास्तरांनी भाषण तयार ठेवलं होतं, मी अंक. तुमचे पूर्वज इथे होते कशावरून, असं साहेबांनी सरळच विचारलं. मावशी बांधाकडे चालू लागली, आम्ही मागोमाग. तिथे शेंदूर लावलेल्या दगडांची रांग आहे. आमच्यात माणूस गेलं की त्याच्या नावाचा दगड बसवतात. मला वाटलं, मावशी आता साहेबांना एकेकाची ओळख करून देणार.

मावशीने चपला काढल्या, डोक्यावर पदर घेतला आणि दगडांकडे तोंड करून उभी राहिली.

"मामंजी, आत्याबाई," ती आपल्या सासू-सासऱ्यांना म्हणाली, "हे साहेब आल्यात. आपुन हितं हाय का न्हाई, इचारत्यात."

साहेब खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागले.