दुपारअण्णा

कुणाच्याही घरात पाऊल टाकलं की अण्णा आधी माणसांकडं नाही, दिव्याकडं बघायचे. दिवा पिवळा पडलेला असला की त्यांचाही चेहरा उतरायचा. दुष्काळ पडला त्या सुमारास ते कोपरगावजवळच्या आमच्या गावात वायरमन होते.

आमची पिठाची गिरणी होती. संध्याकाळी विहिरींवरच्या मोटारी, घरातले दिवे आणि आमची गिरणी, सगळं एकदम सुरू व्हायचं. व्होल्टेज पडायचं, गिरणी फिरायची नाही. मग मी जुनं ऑईल इंजिन लावायची. त्याचा काळा धूर बोळात कोंडायचा, तेलकट पाणी ओढ्यात जायचं. माझ्या सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, दमा होता.

एका संध्याकाळी त्यांचा श्वास असा अडकला की ओठ निळे पडले. समोरच्या खांबावरून अण्णा उतरून धावत आले. त्यांनी इंजिन बंद केलं, बाजेला हात लावला आणि आम्ही आत्याबाईंना मोकळ्या रानात नेलं. तिथं हळूहळू त्यांचा श्वास मोकळा झाला. अण्णा मातीतच बसले.

"वहिनी, दुपारी तारेत वीज नुसती पडून असती. दिस मावळताना समदे एकदम वढत्यात, म्हनून तुमाला हा धूर करावा लागतो."

दुसऱ्या दिवसापासून ते सायकलवरून विहिरी हिंडू लागले. "मोटार सांजच्याला नको, पहाटं लावा. दळान दुपारी." गावानं चेष्टेनं त्यांचं नाव दुपारअण्णा ठेवलं. एका बागाईतदारानं तर तोंडावर सुनावलं, "मंग आदी गिरनीनं थांबावं."

त्याचं खोटं नव्हतं. पण बायका दुष्काळी कामावर खडी फोडून दिवस मावळतानाच दळण आणायच्या. तोडगा आत्याबाईंनी काढला. "कामावर जाताना डबं ठिवून जाऊ दे. तू दुपारी दळ, येताना नेतील." पीठ बदलेल म्हणून बायका कुरकुरल्या, मग प्रत्येकीनं आपल्या डब्याला ओळखीची चिंधी बांधली. अण्णा त्या डब्यांची रांग दाखवायला बागाईतदाराला घेऊन आले. "गिरनी सांजची थांबली. आता तुमी." दुसऱ्या दिवशी त्याची मोटार पहाटे सुरू झाली. त्याच्यामागं बाकीच्यांच्याही झाल्या.

इंजिनावर पोतं पडलं ते पडलंच. पुढं ओढा वाहिला तेव्हा त्यावर तेलाचा तवंग नव्हता. दारच्या लिंबाची पानं चुरली तर बोटं काळी होत नव्हती. बसून रात्र काढणाऱ्या आत्याबाई आडव्या होऊन झोपू लागल्या, आणि कित्येक महिन्यांनी मीही.

मग अण्णांची नगरला बदली झाली. निरोप द्यायला आत्याबाई माझ्याबरोबर फाट्यापर्यंत चालत आल्या.

"मावशी, एवढ्या लांब कशाला आलात?"

"येता आलं, म्हनून आले."

अण्णांनी मान फिरवली आणि उगाच सामान चाचपलं. एसटी गेली. परतताना डोळे पुसायला मी वाटेत दोनदा थांबले. आत्याबाई पुढं निघून गेल्या होत्या.