प्रमाणित वासांची पेटी

माझे साडू जगातल्या कोणत्याही वस्तूवर विश्वास ठेवत नाहीत. अपवाद एकच, वजनाचा काटा; आणि तोही त्यांनी स्वतः तपासलेला असला तर. वजनमापे खात्यात निरीक्षक होते, आता निवृत्त आहेत, पण बीडच्या बाजारात ते दिसले की भाजीवाल्या अजूनही न सांगता तागडी पुसायला घेतात. धारूरची सीताफळं विकणारा एक म्हातारा तर त्यांना पाहताच काटा पुढे करतो, "सायब, तुमीच धरा, मी नुस्ता बघतो." एकदा आम्ही दोन्ही कुटुंबं कपिलधारला गेलो होतो. धबधब्यापुढे सगळे हात जोडून उभे असताना हे बराच वेळ वर पाहत राहिले आणि शेवटी म्हणाले की धार मागच्या वर्षीपेक्षा कमी आहे, वर कुणीतरी वळवली असणार. मुलीच्या साखरपुड्यात व्याह्यांकडून आलेला पेढ्यांचा पुडा त्यांनी आत नेऊन तोलला होता. तो कमी भरला. तेव्हापासून जावयाकडे ते शिक्का मारायच्या राहिलेल्या मापासारखे बघतात. मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर नोकरी केलेला माणूस, दुजोऱ्याशिवाय ओळ न सोडणारा. त्यामुळे आमचं बरं जमतं.

नोकरीत त्यांची एकच खंत होती. कुणी दुधात पाणी, तिखटात भुसा अशी तक्रार घेऊन आलं की त्यांना हात जोडावे लागत, कारण त्यांचा अधिकार मापापुरता. भेसळीचं खातं वेगळं. "जल्मभर बाहेरून मोजलं," ते म्हणत, "आत काय हाय ते बघायचा हुकूमच न्हवता." हा हुकूम त्यांना निवृत्तीनंतर पुण्यात मिळाला. जावयाने त्यांना एका हॉटेलात व्हिस्कीची चव घ्यायला शिकवणाऱ्या कार्यक्रमाला नेलं. आयुष्यात थेंब न घेतलेला हा माणूस तिथे दारू बघायला नव्हे, जावई बघायला गेला होता. पण तिथे एक टाय घातलेला मुलगा सांगत होता की आधी रंग बघा, मग वास घ्या, थांबा, परत वास घ्या, पाण्याचा थेंब टाका, घोट जिभेवर धरा, घाईने मत देऊ नका. साडू थक्क झाले. परत आल्यावर मला म्हणाले, "तिथं लोक पैशे देऊन शंका घ्यायला शिकतेत."

येताना जावयाने दिलेली एक भारी बाटली बरोबर होती. ती घरात आली त्या दिवशी अक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, जेवली नाही. या दोघी बहिणींचा एकुलता भाऊ दारूने गेला. घरात त्याचं नाव कुणी काढत नाही. साडूंनी तिला समजावलं की हे पिणं नाही, ही तपासणी आहे.

रविवारी दुपारी माडीवर वर्ग सुरू झाले. विद्यार्थी दोन, मी आणि शेजारचे गुरांचे डॉक्टर. दोघांनाही आधी सरकारी परवाना काढायला लावला; परवान्याशिवाय वासदेखील मिळणार नव्हता. चकणा बंद, कारण जीभ ही साक्षीदार आणि शेंगदाणा साक्षीदार फोडतो. डॉक्टरांच्या खिशाची झडती होई. पेल्यात झाकणभर व्हिस्की, त्याहून एक थेंब जास्त नाही. दर आठवड्याला तीच बाटली, कारण ती दर वेळी तीच जबानी देते का हे बघायचं होतं. वर्ग संपला की बाटलीत जिथवर व्हिस्की उरली तिथे साडू बाहेरून काळा दोरा बांधत आणि पुढच्या रविवारी दोरा बघूनच बूच काढत.

पहिली अडचण वर्णनाची आली. बाटलीच्या कागदावर समुद्राची हवा, ओकची पिंपं असं काय काय छापलं होतं. बीडमध्ये समुद्राची हवा पडताळायची कशी? साडूंनी त्यावर खात्याच्या पद्धतीने तोडगा काढला. पितळी वजनांची एक जुनी लाकडी पेटी त्यांच्याकडे होती, आत मखमल, मखमलीत खाचा. त्या खाचांत त्यांनी बुचाच्या बाटल्या बसवल्या. एकीत काकवी, एकीत जुन्या चिंचेचं पाणी, एकीत सुकवलेली सीताफळाची साल, एकीत खव्याच्या भट्टीतला कोळसा. हे झाले प्रमाणित वास. भरायचं काम अर्थात अक्काकडे. आम्ही आधी पेल्याचा वास घ्यायचा, मग पेटीतला, आणि दोन्ही जुळतात का ते सांगायचं. डॉक्टर एकदा नाक वर करून म्हणाले, "म्हैस बी पेंड खाताना येवढा इचार करत न्हाई." त्यांना त्या दिवशीचा पेला मिळाला नाही.

पहिले काही रविवार काहीच जुळलं नाही. मग हळूहळू जुळू लागलं. आधी काकवी स्पष्ट आली, मग चिंच, मग कोळशाचा धूर. पावसाळा सरेपर्यंत आमची नाकं इतकी तयार झाली होती की पेला आणि पेटी यांत फरक उरला नव्हता. साडू खूश. मला मात्र हे जास्तच बरोबर वाटू लागलं. सगळे साक्षीदार शब्दाला शब्द तेच बोलू लागले की बातमीत काहीतरी गडबड असते. त्यात एका रविवारी बाटलीच्या गळ्यावर मुंग्यांची रांग दिसली. व्हिस्कीला मुंग्या लागत नाहीत. मी साडूंकडे पाहिलं. धबधब्यावर संशय घेणाऱ्या माणसाने रुमालाने मुंग्या झटकल्या, दोरा बघितला आणि बूच काढलं.

पेले खाली न्यायच्या निमित्ताने मी स्वयंपाकघरात गेलो. मी विचारण्याआधीच अक्का म्हणाली, "पाव्हणं, पेपरात देऊ नका." दर आठवड्याला ती थोडी व्हिस्की मोरीत ओतत होती आणि दोऱ्यापर्यंत भर घालत होती, काकवी, चिंचेचं पाणी, कोळसा विझवलेलं पाणी, सगळं त्यांच्याच पेटीतलं. मी म्हणालो, झाकणभर तर घेतात, अक्का. ती ओट्याकडे तोंड करून उभी होती.

"आमच्या भावाचं बी झाकणापासूनच सुरू झालतं," ती म्हणाली.

ही बातमी मी दाबून ठेवली. दिवाळीला जावई आला आणि वर्ग बघायला उत्साहाने माडीवर चढला. त्याला व्हिस्की कळत होती. अक्का फराळाचं ताट घेऊन वर आली ती दारातच थांबली, ताट खाली ठेवेना. जावयाने वास घेतला, घोट घेतला, बाटलीवरचं नाव परत वाचलं.

"मामा, ही बाटली..."

"गूळ लागला का?" साडूंनी विचारलं.

"गूळच लागला."

"चिंच?"

"लागली. पण मामा, दारू कुठंय?"

साडूंनी बाटली उजेडात धरून दोरा दाखवला. "जावईबापू, माप बगा. बरोबर हाय का न्हाई?"

"माप बरोबर आहे."

"मग झालं. आत काय हाय ते खातं येगळं."

हे म्हणताना त्यांनी दाराकडे पाहिलं नाही. जावयाने मात्र पाहिलं. मग त्याने पेला संपवला आणि आणखी मागितला. माझ्या माहितीप्रमाणे त्या दिवशी त्याच्यावर शिक्का बसला.

जाताना त्याने नवी बाटली दिली. साडूंनी ती न फोडता अक्काच्या हातात ठेवली आणि पेटी आवरायला लागले. दोरा त्यांनी खिशातून काढलाही नाही. पुढे त्या बाटलीचं काय झालं हे मी विचारलेलं नाही. रविवारचे वर्ग चालू आहेत, पेल्यात काकवीचं पाणी असतं, डॉक्टरांना शेंगदाण्याची परवानगी मिळाली आहे, आणि अक्काही आता चौथी येऊन बसते. पेला नाकाशी धरून ती मान हलवते तेव्हा साडू तिला अगदी गंभीरपणे विचारतात, काय लागलं.

हे सगळं त्यांना नेमकं केव्हापासून ठाऊक होतं, याला माझ्याकडे दुजोरा नाही. मला संशय आहे, पहिल्याच रविवारपासून.