धूळ नव्हे, फुफाटा

सहा वर्षं मी धूमकेतूच्या धुळीवर पीएचडी करत होते, आणि त्या दिवशी ती सोडतेय हे आईला सांगायला सांगलीहून कवठे महांकाळला आले होते.

सूर्याचा उजेड त्या धुळीवर पडून विखुरतो, तेव्हा त्याच्या लाटा बऱ्याचशा एकाच दिशेनं डोलायला लागतात. याला ध्रुवीकरण म्हणतात. ते किती, हे दुर्बिणीतून मोजलेलं होतं. कॉम्प्युटरवर कण रचून त्या मोजमापाशी जुळणारा उजेड काढायचा, एवढंच माझं काम. आणि तेच जमेना! आधी कण गोल धरले, तर आलेखावर नुसते उंचवटे. मग बारीक कणांचे घट्ट लाडू वळले. तरी नाही. गाईड म्हणत होते, आतून सैल करून बघ. पण सैल गोळा टिकेल कसा? मीच शहाणी, ऐकलं नाही.

आई अंगण झाडत होती. वडील लष्करात, त्यामुळं कोरडवाहू रान तिनंच कसलं, मला तिनंच शिकवलं. ‘पोरगी धुळीत काय हुडकतीया?’ हे टोमणेही तिनंच खाल्ले.

“आई, मी सोडतेय. ती धूळ मला जमत नाही.”

“कसली धूळ?”

“तुला काय कळतंय त्यातलं!” मी खेकसले. ते वाक्य आठवलं की अजून लाज वाटते.

ती चिडली नाही. “आगं, इचारतीया. धुरळा, का माती, का फुफाटा? समदं येकच व्हय?”

तिनं मला गाडीवाटेवर नेलं आणि चाकांखाली दळलेला मऊ फुफाटा माझ्या मुठीत भरला. “दाब.” मी दाबला. मूठभर होता तो चिमूटभर उरला.

“लय करून हवाच असती त्यात. तरी चाकोरीत बसून ऱ्हातुय का न्हाई?”

मी पुन्हा मूठ भरून दाबली. अगं बाई, गाईड हेच तर सांगत होते!

दुपारच्या एसटीनं परत गेले. पोकळ, विस्कटलेले गोळे रचायला लागले. काही महिन्यांनी आलेख जुळला. अगदी हुबेहूब नाही, पण जुळला.

सांगलीत विश्रामबागेतल्या कॉलेजात माझी तोंडी परीक्षा झाली, तेव्हा आई मागच्या बाकावर बसली होती. परीक्षकांनी विचारलं, “कण इतके पोकळ धरायचं सुचलं कसं?”

“माझी आई मागं बसलीय, तिला विचारा,” मी म्हणाले. “तिला कळतं त्यातलं.”

आई गडबडली. पदर सावरत उभी राहिली.

“मी काय सांगू, सायेब? ल्हानपणी ही उन्हाची त्या फुफाट्यात खेळायची. पाय भाजलं तरी घरात यायची न्हाई. मारून मारून आत आणायची मी.”

मग माझ्याकडं वळली.

“उगंच मारलं बगा पोरीला.”