पायी जाणारं कुणी नाही

ऊर्मिला देशमानेला कुणी "जाऊ दे ना" म्हटलं की तिचं डोकं फिरतं. तिचा नवरा पुष्कर हे लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी शिकला आणि त्यानं कानाला खडा लावला. चिंचवडला असताना सोसायटीची लिफ्ट बंद पडली, तेव्हा ही बाई बिल्डरच्या ऑफिसात डबा घेऊन जाऊन बसली होती. लिफ्ट सुरू झाल्यावरच उठली. आता जर्मनीत वोल्फ्सबुर्गला ती घरून अर्धवेळ सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायच्या आणि वर त्याचा पगार घ्यायचा! हिच्यासाठी याहून चांगली नोकरी देवानंही शोधली नसती.

ती राहते ती वस्ती गावाच्या कडेला आहे. पुष्करसारखेच पुण्या-मुंबईकडून आलेले बरेच इंजिनियर तिथे राहतात, आणि सगळे गाड्यांच्याच धंद्यातले. त्यामुळे घरटी दोन गाड्या, आणि दूध आणायलासुद्धा गाडी. वस्तीसमोर रस्ता, रस्त्यापलीकडे लहान मुलांची शाळा. देशमाने राहायला आले तेव्हा तो रस्ता दिवसभर झोपलेला असायचा. मग मागच्या मोकळ्या जागेवर नव्या इमारती उभ्या राहायला लागल्या, मालाचे ट्रक सुरू झाले, आणि हमरस्त्यावरची गर्दी चुकवणाऱ्यांनाही ही पळवाट सापडली. सकाळच्या वेळी तर रस्ता ओलांडायचा म्हणजे जीव मुठीत धरायचा.

रस्त्याची ऊर्मिलाला भीती वाटते. तिला घाबरट म्हणायची हिंमत कुणात नाही, पण भीती खरीच आहे, आणि तिला कारणही आहे. तिचा धाकटा भाऊ श्रीधर सात वर्षांचा असताना तिचा हात सोडून चिंचवडचा हायवे ओलांडायला धावला होता. तो वाचला, आज त्याचं स्वतःचं दुकान आहे, दोन मुलं आहेत, पण डावा पाय अजून ओढत चालतो. हात कुणी सोडला, त्यानं की तिनं, हे घरात कुणी कधी विचारलं नाही. ऊर्मिला मात्र अजून स्वतःला विचारते.

त्यामुळे तिसरीतल्या अन्वीला ती रोज गाडीनं शाळेत सोडायची. शाळा इतकी जवळ की गाडीचा हीटर गरम व्हायच्या आत दार यायचं! वर्गातली शाळेच्याच बाजूला राहणारी जर्मन मुलं आपापली चालत यायची. अन्वी मागच्या सीटवर खाली सरकून बसायची, कुणी बघू नये म्हणून. मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये. एकदा तिनं विचारलं, "आई, मी बाळ आहे का?" ऊर्मिला म्हणाली, "रस्ता नीट होऊ दे, मग जा एकटी चालत." बोलून गेली खरी, पण रस्ता आपोआप नीट होत नसतो हे तिच्यापेक्षा कोण चांगलं जाणणार?

म्हणून ती कामाला लागली. नव्या इमारतींच्या आराखड्यावर शाळेच्या हॉलमध्ये रहिवाशांची सभा होती. ऊर्मिलानं मराठी घरांना फोन करकरून गोळा केलं. सगळे आले, आणि सगळे गाडीनंच आले. जागा पुरेना, तेव्हा निम्म्या गाड्या चक्क फुटपाथवर चढल्या.

नगरपालिकेचं नियोजन बघणारे हेर ल्युट्के नावाचे गृहस्थ होते. शांत, चष्मेवाले, आवाज एकदाही न चढवणारे. ऊर्मिला उभी राहिली आणि खणखणीत जर्मनमध्ये म्हणाली, "शाळेसमोर झेब्रा क्रॉसिंग पाहिजे. एखादं मूल गाडीखाली येईपर्यंत तुम्ही थांबणार आहात का?" आपल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"आल्झो, तर असं बघा," हेर ल्युट्के म्हणाले, "आम्ही शाळेच्या वेळेला मोजणी केली. गाड्या भरपूर आहेत, मान्य. पण क्रॉसिंगसाठी पायी रस्ता ओलांडणारी माणसंही लागतात. आम्हाला जेमतेम पाच-सहा दिसली. पायी जाणारं कुणी नाही, तिथे क्रॉसिंग कुणासाठी आखायचं?"

"लोक घाबरतात म्हणून चालत नाहीत!" ऊर्मिला म्हणाली.

तेव्हा पहिल्या रांगेतून फ्राउ ब्रांडेस उठल्या. ऐंशीच्या घरातल्या, वस्तीतल्या सगळ्यात जुन्या रहिवासी, चाकांचा वॉकर धरून चालणाऱ्या. त्यांनी मागे वळून सगळ्यांकडे एकदा नीट पाहिलं. "मीही घाबरते," त्या म्हणाल्या. "सकाळी ब्रेड आणायला निघते तेव्हा मला रस्ता ओलांडता येत नाही. पण त्या वेळी ट्रक नसतात. तुम्ही असता. मुलांना सोडायला आलेले तुम्ही सगळे."

ऊर्मिलाच्या तोंडात मारल्यासारखं झालं.

घरी येऊन तिनं भांडी अशी आदळली की पुष्कर स्वयंपाकघराच्या दाराशीच थांबला. "म्हातारीनं भर सभेत माझी लाज काढली!"

"अगं, पण..."

"पण काय? बोल ना!"

"काही नाही," पुष्कर म्हणाला. शहाणा माणूस.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीप्रमाणे गाडीच्या रांगेत लागली आणि पहिल्यांदाच तिनं आजूबाजूला डोळे उघडून पाहिलं. पुढे वस्तीतल्याच स्वानंदीची गाडी, तिच्या पुढे आणखी दोन ओळखीच्या, मागे महाराष्ट्र मंडळाचा मयुरेश. कडेला फ्राउ ब्रांडेस वॉकर धरून उभ्या. ऊर्मिलानं ब्रेक दाबला आणि हातानं खूण केली, या. म्हातारबाईंनी पाऊल टाकलं, तोच मागून मयुरेशनं हॉर्न वाजवला. त्या दचकून पुन्हा मागे झाल्या.

ऊर्मिला गाडीतून उतरली, तरातरा मागे गेली आणि मयुरेशच्या काचेवर टकटक केली. "अरे, दिसत नाही का? म्हातारं माणूस आहे!"

"सॉरी गं, मला वाटलं तू फोनवर बोलतेयस."

रागानं तिचे कान तापले होते, पण राग मयुरेशवर जेमतेम अर्धाच होता. उरलेला तिचा तिच्यावरच होता. आपलं मूल रस्त्यापासून वाचवायला निघालेली ती स्वतःच त्या रस्त्यावरची एक गाडी होती. हे कळल्यावर गप्प बसेल तर ती ऊर्मिला कसली!

त्याच दुपारी तिनं मंडळाच्या ग्रुपवर टाकलं: सोमवारपासून मुलांना घेऊन सगळ्यांनी चालत जायचं, आपण दिसलो पाहिजे. धडाधड अंगठे आले. 'क्या बात है' आलं, टाळ्यांचे हात आले, कुणीतरी झेंडासुद्धा टाकला. सोमवारी कोपऱ्यावर ऊर्मिला आणि अन्वी दोघीच उभ्या होत्या. समोरून स्वानंदीची गाडी गेली, आतून तिनं प्रेमानं हात हलवला.

"मोबाइलवर होकार द्यायला काय जातं यांच्या बापाचं!" ऊर्मिला पुष्करला म्हणाली. मग अचानक थांबली. "आमंत्रण चुकलं माझं."

"म्हणजे?"

"आपल्याकडे लग्नाचं बोलावणं ग्रुपवर टाकलं तर येतं का कुणी? घरी जावं लागतं."

शनिवारी तिनं काठापदराची साडी नेसली, त्यावर जाड जॅकेट चढवलं आणि हातात हळदीकुंकवाचा करंडा नि अक्षतांची वाटी घेऊन निघाली. जर्मनीत आधी वेळ ठरवल्याशिवाय सख्ख्या भावाकडेही कुणी जात नाही, तिथे ही बाई थेट बेल वाजवत सुटली. स्वानंदीला कुंकू लावलं, हातावर अक्षता ठेवल्या आणि म्हणाली, "सोमवारी सकाळी शाळेपर्यंत चालत यायचं आग्रहाचं आमंत्रण. सहकुटुंब यायचं." स्वानंदी हसून हसून बेजार झाली. पण कुंकू लावून घेतल्यावर नाही म्हणणार कशी? मयुरेशची आई लताकाकू तीन महिन्यांसाठी भारतातून आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगो, एवढी दारी आलीस, आम्ही नाही येणार होय? ए मयुरेश, गाडीची किल्ली दे माझ्याकडे." आणि किल्ली त्यांनी खरोखर कनवटीला लावली.

शेवटी ती फ्राउ ब्रांडेसकडे गेली. दार त्यांनीच उघडलं.

"तुम्ही सभेत बोललात ते खरं होतं," ऊर्मिला म्हणाली. "मला फार लागलं. पण खरं होतं."

"गेनाऊ, अगदी बरोबर," फ्राउ ब्रांडेस म्हणाल्या. गोड बोलायची त्यांना सवय नव्हती. करंड्याकडे बघून त्यांनी विचारलं, "आणि हे काय?" ऊर्मिलानं समजावलं. म्हातारबाईंनी थोडा विचार केला आणि कपाळ पुढे केलं.

सोमवारी कोपऱ्यावर लग्नाच्या वऱ्हाडासारखी गर्दी होती. मुलं पिवळी जॅकेटं घालून, आया डबे सावरत, पुढे वॉकर घेऊन फ्राउ ब्रांडेस. रस्त्याच्या कडेशी एवढी माणसं बघून गाड्या आपसूक थांबल्या. ऊर्मिलानं अन्वीचा हात असा आवळला होता की पोरगी ओरडली. आठवडाभरात वस्तीच्या बाजूचे जर्मन आईबापही सामील झाले, कारण खरं तर गाडीनं सोडायला त्यांनाही लाज वाटत होतीच.

ऊर्मिलानं हेर ल्युट्केंना फोन केला. "आता मोजा."

"मोजू," ते म्हणाले. "पण कधी ते सांगणार नाही. सांगितलं तर तुम्ही त्याच दिवशी मिरवणूक काढाल."

माणूस पक्का होता! म्हणजे आता रोज चालायचं, एकही दिवस न चुकता. आणि पुढे हिवाळा होता.

डिसेंबरात सकाळी मिट्ट काळोख असतो आणि वारा हाडं फोडतो. माणसं गळायला लागली. आज हिला सर्दी, उद्या त्याची मीटिंग. लताकाकू भारतात परतल्या आणि मयुरेशची किल्ली सुटली. एका सकाळी फुटपाथवर बर्फाचा गुळगुळीत थर होता. एकामागून एक फोन आले, "ऊर्मिला, आजच्या दिवस राहू दे ना गं."

"राहू द्या," ती म्हणाली. "आज मोजायला आले तर मी सांगेन त्यांना, की आमच्याकडे पायी जाणारं कुणी नाही. तुमचंच बरोबर होतं." आणि फोन ठेवला. मग मिठाची पिशवी उचलली, अन्वीला घेतलं आणि मीठ टाकत टाकत कोपऱ्यापर्यंत गेली. रडू येत होतं, पण रडायला वेळ नव्हता. थोड्या वेळानं मागून पावलं वाजली. स्वानंदी, तिची पोरं, आणि त्यांच्या मागे तोंड पाडून मयुरेश. "किती बोलतेस गं तू!" तो म्हणाला आणि मिठाची पिशवी तिच्या हातातून घेतली.

मोजणी नक्की कधी झाली ते कुणाला कळलंच नाही. फेब्रुवारीच्या अखेरीस हेर ल्युट्केंचाच फोन आला. माणसं पुरेशी भरली होती. शाळेसमोर क्रॉसिंग मंजूर झालं होतं, वर काळोखासाठी दिवाही मिळणार होता. "एक सांगू का," ते म्हणाले, "बर्फाच्या दिवशी तुम्ही येणार नाही असं मला वाटलं होतं." ऊर्मिलानं फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जमिनीवर बसून मनसोक्त रडून घेतलं.

एप्रिलमध्ये पट्टे आखले गेले. पांढरे स्वच्छ, उन्हात डोळे दिपवणारे. पहिल्या सकाळी सगळी वस्ती कोपऱ्यावर लोटली. ऊर्मिलानं सवयीनं हात पुढे केला. अन्वीनं तो धरला नाही.

"आई," ती जर्मनमध्ये म्हणाली, "तू म्हणाली होतीस, रस्ता नीट झाला की मी एकटी जाणार."

नाही म्हणायला ऊर्मिलाकडे शंभर कारणं होती. पट्टे अजून नवे आहेत. लोकांना सवय व्हायची आहे. आजच्या दिवस राहू दे. आणि मग तिच्या लक्षात आलं की हे सगळं आपण कशासाठी केलं. हा हात सुटावा म्हणूनच तर केलं.

"जा," ती म्हणाली. पुढे केलेला हात मागे घेतला आणि पुन्हा म्हणाली, "जा, बाळा."

अन्वी कडेला थांबली. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, हात लांब केला. एक गाडी थांबली, मग पलीकडून येणारी दुसरीही थांबली. दप्तर पाठीवर उडवत ती पट्ट्यांवरून चालत गेली. ऊर्मिलाचं सगळं अंग पुढे धावत होतं, पण पाय तिनं जागेवर रोवून धरले. अन्वीनं एकदाही मागे वळून पाहिलं नाही. रस्ता ओलांडताना मागे बघायचं नाही, हे तिला ऊर्मिलानंच शिकवलं होतं.