नव्वद पावलं

माणसाला गावाचा पत्ता विचारला तर तो रस्ते सांगतो, दुकानं सांगतो. चावीवाल्याला विचारलं तर तो जमिनीखालचं सांगायचा. कुठं लोखंडी नळ, कुठं सिमेंटचा, कुठल्या वळणावर पाणी अडखळतं आणि कुठं आपसूक धावतं. तीस वर्षं शहरात पाणी सोडायचं काम त्याच्याकडे होतं. खांद्यावर माणसाच्या उंचीची लोखंडी चावी टाकून तो पहाटे घराबाहेर पडे, रस्त्यातलं झाकण उचली, चावी खाली सोडी आणि मोजून अठरा फेरे देई. मग चावीचं वरचं टोक कानाला लावून उभा राही. लोखंडातून पाण्याचा आवाज वर येई. त्या आवाजावरून कुठल्या गल्लीत किती जोर आहे ते तो सांगे आणि ते खरं निघे.

तो कामाला लागला तेव्हा याला शहर म्हणायला कुणाची जीभ वळली नसती. विटांच्या भट्ट्या, त्यांची एक उंच चिमणी, चराऊ माळ आणि मोठ्या शहराकडे जाणारा एक रस्ता, एवढाच काय तो पसारा. मोठ्या शहरात ज्यांना भाडं परवडेना ते इथं राहायला आले. आधी बावीस घरं झाली. मग कारखाना आला, कारखान्यामागून चाळी आल्या, चाळींमागून इमारती. टाकी बांधली तेव्हा चावी फिरवायच्या आठ जागा होत्या, आता एकशे चाळीस होत्या. विहिरी बुजल्या, भट्ट्या विझल्या, चिमणी पाडली. तिच्या चौथऱ्यावर औषधाचं दुकान उभं राहिलं. कानामागून आलेले लोक तिखट झाले आणि आम्हीच इथले जुने असं सांगू लागले. चावीवाला ऐकून घेई. जमिनीखालचं गाव आपलं आहे, वर कोण का नांदेना, असा त्याचा हिशेब.

या सगळ्याचा नकाशा नव्हता. सुरुवातीचा एक कागद होता, तो कचेरीच्या गळक्या कपाटात भिजून गेला. नवा काढायची कुणाला निकड वाटली नाही, कारण चावीवाला होता. त्याची पद्धत साधी होती. प्रत्येक जागा त्याने पावलांनी बांधून ठेवली होती. चिमणीपासून इतकी, शाळेच्या फाटकापासून इतकी. पाच वर्षांमागे नवी इंजिनीअर बाई आली. तिने वही पुढे केली आणि म्हणाली, काका, एकेक जागा सांगा, मी लिहून घेते. चावीवाला हसला. लिहून घेतलेलं भिजतं बाई, असं म्हणून त्याने चावी खांद्यावर टाकली. बाईने पुढं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्याला नेमकं दुसरं काम निघालं. बायको हयात असताना म्हणायची, ह्यांच्या डोक्यातलं काढायचं तर डोकंच फोडावं लागेल. त्यालाही तो हसायचा.

त्या उन्हाळ्यात खालच्या गल्लीत माणसं आजारी पडू लागली. जुलाब, उलट्या, ताप. आठवड्यात चौदा जण झाले. नळाच्या पाण्याला वास येतो असं बायका सांगू लागल्या. गटाराचं पाणी कुठंतरी नळात शिरत होतं हे उघड होतं. बाईने गल्लीचं पाणी बंद केलं आणि टँकर सुरू केला. टँकरचं पाणी म्हणजे उंटाच्या तोंडात जिरं. चारशे घरं आणि दिवसाला दोन फेऱ्या. दुसऱ्याच दिवशी कचेरीसमोर रिकाम्या बादल्या वाजू लागल्या.

त्याच गल्लीत चावीवाल्याची लेक राहत होती. जावई मोठ्या शहरात कामाला होता, आठवड्यातून एकदा यायचा. नात पाच वर्षांची होती. अंगापिंडानं बारीक आणि सदा काहीतरी उचलून नेणारी, म्हणून आजोबांनी तिला मुंगी हे नाव ठेवलं होतं. लेक शिस्तीची बाई. टँकरचं पाणीसुद्धा ती उकळून गाळूनच पोरीला देई.

खोड कुठं असेल हे चावीवाल्याला एका क्षणात कळलं. गल्लीची वाहिनी टाकली तेव्हा तो हजर होता. उद्घाटनाची घाई होती. शेवटचा सांधा करायला शिसं संपलं, तेव्हा गवंड्याने तिथं गोणपाट गुंडाळलं, वरून सिमेंट थापलं आणि पुढच्या महिन्यात नीट करू म्हणाला. तो पुढचा महिना कधी आलाच नाही. मागाहून गटार खणलं गेलं ते नेमकं त्या सांध्यावरून. हे ठाऊक असलेला गवंडी मेला, मुकादम मेला. चावीवाला तेवढा उरला होता. चिमणीच्या चौथऱ्यापासून उताराच्या बाजूला नव्वद पावलं, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

तो औषधाच्या दुकानाच्या पायरीपाशी उभा राहिला. मागे बाई, चार खणणारे आणि अर्धी गल्ली. मोठ्याने मोजत तो उतारानं चालू लागला. नव्वद म्हटल्यावर थांबला आणि टाचेनं खूण केली. खणणाऱ्यांनी पहार घातली. कमरेइतकं खणल्यावर ओली माती लागली, मग नळ, मग सांधा, आणि सांधा खरोखरच झिरपत होता. लोकांच्या तोंडून एकदम हुंकार निघाला. चावीवाल्याने मागं वळून पाहिलं नाही, पण त्याची मान ताठ झाली.

बाई खड्ड्यात वाकून बघत होती. नळ जरा नवा वाटतो, आणि गोणपाट कुठं दिसत नाही, असं ती हळूच म्हणाली. मधल्या काळात कुणी डागडुजी केली असेल, असं चावीवाल्याने ठासून सांगितलं. पाण्याचा नमुना तपासायला पाठवू, दोन दिवस थांबू, असं बाईचं म्हणणं पडलं. ते लोकांना मानवलं नाही आणि त्यालाही नाही.

"बाई, तुम्ही कागदावर पाणी शिकलात," तो सगळ्यांदेखत म्हणाला. "मी ते कानानं ओळखतो."

लोक हसले. बाईचं तोंड उतरलं. सांधा बदलला, वाहिनी धुतली, पाणी सोडलं. खड्ड्याशेजारच्या घराच्या नळाला पेला लावून चावीवाला चारचौघांत ते पाणी घटाघटा प्यायला. मिशा पुसल्या आणि म्हणाला, प्या खुशाल. इतके दिवस तहानलेल्या गल्लीला आणखी काय हवं होतं? तो लेकीच्या दारावरून गेला तेव्हा ती उंबऱ्यात उभी होती. आता उकळायची गरज आहे का, असं तिने विचारलं. तो चालता चालताच म्हणाला, बापावर भरवसा नाही का तुझा?

तो प्यायला ते पाणी स्वच्छच होतं. ते घर चढावर होतं. खरा सांधा अजून खालीच होता आणि लेकीचं घर त्याच्याही खाली.

तिसऱ्या दिवशी मुंगीला दवाखान्यात नेलं. पाणी सोडल्यावर बाईने गुपचूप पाठवलेल्या नमुन्याचा कागद त्याच दिवशी आला. बाई तो घेऊन टाकीच्या आवारात आली. तिने टोमणा मारला नाही, कागद नुसता पुढे धरला. पाणी अजून घाणच होतं. तिने गल्लीचं पाणी पुन्हा तोडलं होतं आणि आता उतारावरचा सबंध रस्ता उकरायचं ठरवलं होतं. त्याला आठ दिवस लागले असते.

ती गेल्यावर चावीवाला तिथंच उभा राहिला. नव्वद म्हणजे नव्वद. चूक कुठं झाली? चौथरा तोच, उतार तोच. विचार करत तो आवाराच्या फाटकाकडून टाकीकडे निघाला आणि सवयीनं मोजू लागला. फाटकापासून टाकीपर्यंत साठ पावलं हा त्याच्या नोकरीचा पहिला धडा होता. तरुणपणी तो रोज मोजायचा. मग पायाखालची वाट झाली आणि मोजणं सुटलं. आज साठ झाली तेव्हा टाकी अजून बरीच दूर होती. तिच्या भिंतीला हात लागला तेव्हा अठ्ठ्याहत्तर झाली होती.

फाटक हललं नव्हतं, टाकीही हलली नव्हती. त्याने आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं. दहा वर्षं ते दुखत होते, आणि पाऊल इतकं आखडलं आहे हे त्याला कधी जाणवलंच नव्हतं. त्याने मोजलेलं सगळं गाव एका तरण्या माणसाच्या पावलांत होतं आणि तो माणूस केव्हाच गेला होता.

बोटांवर हिशेब करायला त्याला वेळ लागला. साठाचे अठ्ठ्याहत्तर, तर नव्वदाचे एकशे सतरा. तो खणणाऱ्यांना घेऊन दुकानापासून पुन्हा चालला. या वेळी मनातल्या मनात मोजलं. एकशे सतरावं पाऊल गटाराच्या फरशीवर पडलं. फरशी उचलली, खाली खणलं. जुना काळा नळ लागला. सांध्यावर गोणपाटाच्या दोन-चार दशा उरल्या होत्या आणि गटाराचं पाणी त्यांतून आत ओढलं जात होतं. गर्दी जमली होती, पण कुणी हुंकार भरला नाही. चावीवाला खड्ड्यात उतरला आणि त्या दशा त्याने स्वतःच्या हातांनी काढल्या.

चिखलाच्या हातांनीच तो दवाखान्यात गेला. मुंगी दुपारीच गेली होती. लेक बाकावर बसली होती, मांडीवर पोरीची चप्पल. जावई अजून पोचला नव्हता. चावीवाला तिच्यासमोर उभा राहिला. बसायचं धैर्य त्याला झालं नाही.

"सापडलं?" तिने विचारलं.

"सापडलं."

तिने मान हलवली.

"मी भांडं चुलीवर ठेवलं होतं बाबा," ती म्हणाली. "तुम्ही दारावरून गेलात, मग उतरवलं."

तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

त्या उन्हाळ्यात गल्लीतली आणखी दोन माणसं गेली, एक म्हातारी शिवणकामवाली आणि एक रंगारी. कचेरीच्या कागदावर जुन्या वाहिनीतील बिघाड एवढंच लिहिलं गेलं. चावीवाल्याला कुणी बोल लावला नाही. तरणी इंजिनीअर चुकली असती तर लोकांनी तिला फाडून खाल्लं असतं. पण हा त्यांचा आपला माणूस, त्यातून घरात एवढं झालेलं. बाईही गप्प राहिली.

पाणी पुन्हा सुटायचं तो दिवस आला. या वेळी बाईने तीन नमुने तपासून घेतले होते. चावीवाल्याने अठरा फेरे दिले. कान लावला नाही. मग तो गल्लीतून खाली आला. नळ खळखळत होते, पण बायका भरलेल्या बादल्यांशी नुसत्या उभ्या होत्या. त्यांतली एक, जिचा नवरा तो रंगारी होता, त्याच्या आडवी आली.

"काका, पिऊ का?"

लेक चार दारं पलीकडे आपल्या नळाशी होती. तिने वर पाहिलं नाही, पण बादली उचलता उचलता ती थांबली होती.

"मला ठाऊक नाही," चावीवाला म्हणाला. आयुष्यात हे शब्द त्याने कुणापुढे काढले नव्हते आणि त्याच्या तोंडात ते खड्यासारखे आले. "बाईंना विचार. आणि तरी उकळून घे."

लेकीने बादली उचलली आणि आत गेली. थोड्या वेळाने आतून चुलीवर भांडं ठेवल्याचा आवाज आला. ती बाहेर येईल म्हणून तो थांबला नाही. चावी खांद्यावर सारखी करून तो पुढच्या झाकणाकडे निघाला.