ताटावरचा हात

आमच्या शेजारच्या नर्सबाई ताटावर हात आडवा धरायच्या. तुमच्याही गल्लीत असेल असं एखादं माणूस, वाढायला जावं आणि आधी हातच दिसावा. "पोट भरलंय हो," म्हणायच्या. केळं दिलं तर हसून घेतील, भाजी म्हटली की पोट भरलेलंच.

पवनारात ज्यू म्हणजे त्या आणि त्यांचे मालक, दोघंच. माहेर अलिबागकडचं. मटण आणि दूध एका भांड्यात चालायचं नाही, म्हणून आमच्या भांड्यातलं त्या खात नसत. पण नवस फेडला की एलियाहू नबीच्या नावाचा मलिदा, म्हणजे खोबरं घातलेले गोड पोहे, माझ्या ओंजळीत घालायच्याच. मी चिडवायची, "तुमचं आमाले चालते, मंग आमचं तुमाले काऊन चालत नाई?"

"देवाला विचारा," म्हणायच्या, की पुन्हा हात आडवा.

मग मालक गेले. गावच्याच माणसांनी नदीकडे माती दिली. बाई भुईवर बसून राहिल्या. आम्ही बायका भोवती होतो, पण डबा कोणी आणला नाही. आणणार कसा? तो हात सगळ्यांना ठाऊक.

दिवस कलला तशी मी म्हटलं, "बाई, आपल्याच चुलीवर दोन घास शिजवा न. कालपासून उपाशी हाये तुमी."

"आज आपल्या घरचं चालत नाही," त्या म्हणाल्या. "माती झाल्यावर पहिला घास शेजाऱ्यानं आणायचा असतो. उकडलेलं अंडं. माहेरी कोणाला सांगावं लागत नाही." मग खाली बघून म्हणाल्या, "इथं कोणत्या तोंडानं मागू? जन्मभर तुम्हाला नको म्हणत आले."

मला तिथं बसवेना. घरी एक कोरं पातेलं होतं, त्यात दोन अंडी उकडली, सोलली, त्यांच्यापुढे नेली. हात आला, पण आडवा नाही, उताणा. मीठ न लावता खाल्लं त्यांनी, रडत रडत.

"कोंबडी कोणाची?"

"माहीच."

"चांगली आहे हो."

गेल्या हिवाळ्यात त्याही गेल्या. भाचा येऊन त्यांना माती द्यायला अलिबागला घेऊन गेला. गाडी वळणाआड गेली, मी घरात आले. सुनेनं ताट वाढलं. मी वर हात आडवा धरला.

"काऊन आई? जेवा न."

पहिला घास शेजारून यायला हवा होता. शेजारी कुलूप होतं.